बिनवासाचं फर्निचर

मालकांनी मला पाहिलं ते नंतर. आधी हुंगलं.

सेलूत स्टेशनरोडला त्यांचं कॉफीचं दुकान. मी ओट्यावर पहिलं पाऊल ठेवलं तेव्हा ते पाठमोरे होते, भट्टीवरच्या लोखंडी ड्रमचं हँडल फिरवत होते. मागं न बघताच म्हणाले, "एसटीत शेजारच्याच्या पिशवीत मेथी होती. अन् तुमी रंगवाले दिसायलात."

"रंगवाला नाही. इंटेरियर डिझायनर आहे मी. परभणीहून आलो."

"तेच ते. टर्पेंटाइनचं लेकरू. चपला तिकडं लांब काढा. शर्टही काढा म्हणलं असतं, पण पहिलीच भेट हाय."

मेथी खरी होती. एका आजीबाईंनी दोन जुड्या अख्ख्या प्रवासभर माझ्या मांडीवर ठेवल्या होत्या.

आता हे आधीच सांगून टाकतो. माझं बोलणं परभणीत लोक निम्मं वजा करून ऐकतात. खुशाल करा. पण या माणसाच्या नाकाबद्दल मी जे सांगीन, त्यात उलट थोडी भर घाला, कारण मला सगळं आठवत नाही.

नाक बघाल तर फसाल. पोपटाच्या चोचीसारखं वगैरे काही नव्हतं. चपटं, बारकं, चेहऱ्यावर जागा मागून घेतल्यासारखं. पण स्टेशनात गाडी शिरायच्या आधी त्यांना कळायचं, कुठल्या डब्यात कुणी आंबा सोललाय. एका हंगामात ते सकाळी सकाळी जिनिंगवाल्याकडं गेले अन् म्हणाले, "तुमच्या डाव्या हाताच्या थप्पीत तिसऱ्या गठाणीच्या पोटात आग हाय." जिनिंगवाला हसला. दुपारी हसायचा थांबला, कारण थप्पीतून धूर यायला लागला. तेव्हापासून कापसाच्या दिवसांत जिनिंगचा एक माणूस रोज सकाळी दुकानावर यायचा अन् विचारायचा, "मालक, आज काय वास?" जसं काही हवामान खात्याचं कार्यालयच तिथं होतं.

पोरींचे बाप तर होणाऱ्या जावयाला घेऊन यायचे. "चला पाव्हणं, जरा कॉफी घेऊ" म्हणून. मालक वाटी-पेला पुढं करताना पोराच्या तोंडाजवळ एक श्वास घ्यायचे. काही बोलले नाहीत तर खुशाल सुपारी फोडायची. "साखर कमी घालू का?" असं म्हणाले, की पोरीच्या बापानं समजून घ्यायचं, की पाव्हण्याला दुपारची सवय आहे. माझ्या माहितीत अशी नऊ लग्नं मोडली अन् एकही चुकीचं मोडलं नाही.

एवढं नाक असलेल्या माणसानं चहाच्या मुलखात कॉफी विकायची म्हणजे एक प्रकारची कुस्तीच. आमच्याकडं माणूस जन्मला की चहा, मेला की चहा. मालक चहाचं नाव घेत नसत. "ते दुसरं" म्हणत. एखादी बाई म्हणाली, "मालक, घरी सगळे चहाच घेतात, एकटीच कॉफी पिते," की मालक गंभीर होऊन म्हणायचे, "व्हय. एका घरात एकजण तरी शहाणं पाहिजे."

पण त्यांची खरी रीत वेगळी होती. पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला ते विचारायचे तो किती पाहिजे हा नाही. पाणी कुठलं, हा.

"पाव किलो द्या मालक."

"पाणी कुठलं?"

"नळाचं."

"नळाला काय आईबाप न्हाईत? कुठल्या धरणाचं?"

जिंतूरकडच्या पाण्याला ते चिकोरी जास्त घालायचे. गंगाखेडचं गोदेचं पाणी असलं की जवळजवळ नाहीच. सेलूत नळाचं वेगळं, बोअरचं वेगळं, अन् बोअर काळ्या रानातली की मुरमाड हेही विचारायचे. एका बाईंनी अभिमानानं सांगितलं, "आमच्याकडं फिल्टरचं पाणी हाय." मालकांनी मोजून ठेवलेली पुडी परत डब्यात ओतली. "मेलेल्या पाण्यात माझी कॉफी घालायची न्हाई. आधी हंडाभर जित्तं पाणी ठेवा, मंग या." बाई तणतणत गेल्या. चार दिवसांनी आल्या. म्हणाल्या, "माठ आणला." मालक म्हणाले, "नवा माठ? मंग अजून आठ दिवस थांबा. मातीचा वास जाऊ द्या."

असं ते दुकान. नऊ फूट रुंद, चौदा फूट लांब, दार पाच फुटांचं. भिंतींवर पन्नास वर्षांची काजळी. मधोमध विटांची भट्टी अन् तिच्यावर हातानं फिरवायचा ड्रम. मालकांच्या आजोबांना निजामाच्या वेळी स्टेशनवरच्या मद्रासकडच्या मास्तरनं कॉफी भाजायला शिकवली, तिथून हे सगळं सुरू झालं. पुढं मालकांचा भाऊ पुण्याला गेला, तिथं कारखाना टाकला. आता भावाचा पोरगा, म्हणजे पुतण्या, तो सगळा कारभार बघतो. डब्यावरचं पितळी तपेलीचं चित्र तेच, नाव तेच, दुकानं बऱ्याच शहरांत. सगळी एकसारखी. चॉकलेटी, गुळगुळीत, भिंतीभर पाकिटं. सेलूचं एकच राहिलं होतं, लोहाराच्या पालासारखं दिसणारं. पुतण्याच्या कुणा ओळखीच्यानं माझं नाव सुचवलं, म्हणून मी त्या ओट्यावर उभा होतो.

मी तरी कोण मोठा लागून गेलो होतो? तोवर तीन साडीसेंटर, दोन बार अन् एक दातांचा दवाखाना केला होता. परभणीत फॉल्स सीलिंग माझ्या आधी आलं, पण त्यात निळा दिवा मी आणला. लोक सांगतात, की साडीसेंटरात शिरलेल्या एका म्हाताऱ्यानं त्या दिव्याकडं बघून हात जोडले होते. हे लोक म्हणजे मीच.

पुतण्या त्याच आठवड्यात स्वतः येऊन गेला. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसला, काकांच्या पाया पडला अन् सरळ बोलला.

"काका, लोक या दुकानाचा फोटो काढतात अन् मला पाठवतात. विचारतात, हे तुमचंच का? माझी मान खाली जाते."

"मान खाली गेली की जमीन दिसती. चांगलं असतं."

"दिवाळीच्या आधी मी परत येतो. तोवर दुकान नवं दिसलं तर ड्रम राहू द्या, भाजत बसा. नाही दिसलं तर ड्रम जातो, भट्टी जाते, भिंतीवर पाकिटं लागतात. हे शेवटचं."

मालकांनी ड्रमकडं बघितलं. मग माझ्याकडं. "ऐकलंत का इंटेरियर? ह्या ड्रमचं आयुष्य आता तुमच्या हातात हाय." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. कायम "ओ इंटेरियर".

पुतण्याची मोटार वळणाआड गेल्यावर त्यांनी अट घातली. "दुकान नवं करा. पार चकाचक करा. पण रंग न्हाई, पॉलिश न्हाई, सनमायका न्हाई, डिंक न्हाई. एका वस्तूला वास येता कामा नये."

"मालक, रंग, पॉलिश अन् डिंक काढल्यावर इंटेरियरमध्ये उरतं काय?"

"ते तुमी शिकलात. मी न्हाई." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "कॉफी लय हलक्या कानाची असती. ज्याच्या शेजारी बसंल त्याचं ऐकती. आज डिंकाशेजारी बसवली, उद्या तिच्या तोंडी डिंकच."

मला ही म्हातारचळ वाटली. मी काय केलं सांगतो, अन् हे मी वाढवून सांगत नाही, उलट कमीच करून सांगतो. मालक दोन दिवस गंगाखेडला पुतणीच्या मुलाच्या मुंजीला गेले. मी तेवढ्यात कोपऱ्यात एक छोटंसं शेल्फ बसवलं. चॉकलेटी सनमायका, चकचकीत. डिंकाच्या डब्यावर लिहिलेलं होतं: वास येत नाही. मला वाटलं, डबा खोटं कशाला बोलेल?

मालक आले. शेल्फ बघितलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यांनी ताज्या भाजलेल्या कॉफीचा एक किलोचा डबा झाकण उघडून त्या शेल्फवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातली कॉफी केली अन् माझ्या पुढं ठेवली.

"कशी हाय?"

"झकास."

"काय लागतं?"

"कॉफी लागते मालक. दुसरं काय लागणार?"

तेवढ्यात जिनिंगचा माणूस आला, वासाची चौकशी करायला. मालकांनी त्यालाही पेला दिला. त्यानं एक घोट घेतला अन् पेला लांब धरून त्याच्याकडं संशयानं बघितलं. "मालक, लहानपणी पतंगाला चिकटवायचा कागद जिभेनं ओला करायचो, तसं लागायलंय."

मी मान खाली घातली. जमीन दिसली. आता तरी ओरडतील म्हणून वाट बघत होतो, तर ते दुसरा पेला भरत होते. "फेकून द्यायची न्हाई. तुमी अन् मी मिळून संपवू. किलोभर हाय."

चार दिवस लागले. सकाळी दोन, दुपारी तीन, संध्याकाळी दोन. डिंकाची कॉफी. ते माझ्यासमोर बसून माझ्याइतकीच प्यायचे. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिसऱ्या दिवशी माझे ओठ एकमेकांना चिकटले, अन् अर्धा तास मी नुसत्या माना डोलावून बोलत होतो. चौथ्या दिवशी डबा रिकामा झाला. मी स्वतः शेल्फ उखडलं. तेव्हा ते म्हणाले, "चला, आता कामाला लागू."

त्यानंतर मीही हट्टाला पेटलो. वास नाही तर नाही! भिंती खरवडून चुना दिला, महिनाभर उघड्या ठेवल्या. रोज सकाळी मालक भिंतीला नाक लावून "अजून" म्हणायचे. सत्ताविसाव्या दिवशी काही म्हणाले नाहीत, तेव्हा आम्ही दोघं भिंतीपुढं उभं राहून मुकाट हसलो. खाली शहाबादी फरशी. डबे सगळे स्टीलचे, रांगेत. राहिलं लाकूड.

परभणीच्या लाकूडबाजारात मी त्यांना घेऊन गेलो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. ते प्रत्येक फळी उचलून हुंगायचे. बघे जमले. वखारवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हातारबा बरे हायत ना? डोक्यात काही?" मी म्हणालो, "सरकारी तपासणी चालू आहे." त्या दिवशी वखारवाल्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. पण मालकांना एक फळी पसंत पडेना. सागाला चामड्याचा वास. कडुलिंबाला कडू. प्लायवूडजवळ तर ते गेलेच नाहीत, लांबूनच नमस्कार केला.

परत येताना रस्त्यात एक बैलगाडी आडवी आली. मालकांनी माझी गाडी थांबवायला लावली, उतरले, बैलगाडीच्या साटीला, म्हणजे बसायच्या फळ्यांना, नाक लावलं. गाडीवान घाबरून खाली उतरला.

"ह्याला कधी पॉलिश पाह्यलंय इंटेरियर? कधी डिंक पाह्यलाय? बाभूळ हाय ही. वर्षभर पाण्यात मुरवलेली. वास न्हाई, गंध न्हाई. नुसत्या पाचरीवर उभी."

अशा तऱ्हेनं सेलूच्या कॉफीच्या दुकानाचं फर्निचर बैलगाड्या बनवणाऱ्या सुताराकडं गेलं. जिंतूरकडच्या एका खेड्यातला हा मिस्त्री. ट्रॅक्टर आल्यापासून गाडीची ऑर्डर नव्हती. दारात अर्धवट चाकं टेकून ठेवलेली, त्यांच्यात कोंबड्या बसलेल्या. कॉफीचं काउंटर करायचंय म्हटल्यावर त्यानं विचारलं, "बैल किती जुंपायचे?"

मालकांनी त्यालाही हुंगलं. "तंबाखू."

"हाव. अन् सोड म्हणायलात तर काम सोडतो."

"सोडू नको. पण दुकानात पाय ठेवू नको. इथंच बनव. लाकूड माझ्याकडं येऊ दे, तू नको."

मी नकाशा दिला. काउंटर सात फुटांचं, चार भागांत. चारही भाग सेलूला न्यायचे, दुकानात जुळवायचे, कारण मध्ये भट्टी अन् ड्रम. सात फुटांची वस्तू त्या दारातून आत नेऊन वळवायला जागाच नाही. मी हे तीनदा सांगितलं. मिस्त्रीनं नकाशा भिंतीवर टांगला. उलटा.

"मजबूत कर," मालक एवढंच म्हणाले.

"माझ्या हातची गाडी आजवर कुणी मोडली न्हाई," मिस्त्री म्हणाला.

पुतण्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काउंटर आलं. मी ते बघितलं अन् ओट्यावरच बसलो. एकसंध! एक तुकडा! कॉफीचा काढा पाजून पाजून त्याला रंग दिलेला, काळाभोर, देखणा. ही काढ्याची युक्ती माझी, तेवढं श्रेय मी कुणाला देणार नाही. पण माथ्याच्या कडेनं चारी बाजूंनी लोखंडी पट्टी. बैलगाडीच्या चाकाला जशी धाव चढवतात, तापवून लालभडक करून, मग वरून पाणी ओतून आवळायची, तशी. ती एकदा आवळली की ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही.

"मिस्त्री, चार भाग म्हणालो होतो ना मी?"

"व्हय. चारच भाग हायत. जोडलेत."

"मग ही पट्टी?"

"मजबूत करा म्हणले ना? धाव काय दुकानात चढवू? गोवऱ्यांचा जाळ करावा लागतो गोल. दुकान पेटलं असतं."

त्यानं एवढं सुसंगत उत्तर दिलं, की मला वाटलं, चुकलो मीच. आम्ही नऊ जणांनी ते उचललं. टोक आत घातलं, ते भट्टीला अडलं. तिरपं केलं, चौकटीच्या दगडाला अडलं. जिनिंगचा माणूस म्हणाला, "बनी तो बनी, न्हाई तर परभणी," अन् त्यानं एक जोरदार रेटा दिला. झालं. एक टोक आत भट्टीला चिकटलेलं, दुसरं बाहेर ओट्यावर, मधला भाग दाराच्या दोन दगडांत पाचरीसारखा. ना आत, ना बाहेर. दार बंद. अन् मालक आत होते, भाजत.

"ओ इंटेरियर, काय झालं?" आतून आवाज.

"अडकलं, मालक."

"लाकडाला वास न्हाई ना?"

"नाही."

"मंग काय झालं?"

दोनच उपाय होते. पहिला कुऱ्हाड. कुऱ्हाड दिसताच मिस्त्री काउंटरपुढं छाती काढून उभा राहिला. दुसरा उपाय मीच सुचवला. ओट्यावर वाकून, काउंटरच्या पायांमधून आत बघत म्हणालो, "मालक, एक दिवस ड्रम बाहेर काढू. भट्टीच्या वरच्या चार विटा उतरवू. काउंटर वळेल, बसेल. मग ड्रम परत आत."

आत हँडलची करकर चालूच होती.

"आपल्याकडं दोन ड्रम होते, इंटेरियर," ते म्हणाले. "थोरल्या भावानं एक पुण्याला नेला. दोन महिन्यांत दुरुस्त करून पाठवतो म्हणला. चाळीस वर्षं झाली. आता तो हापिसात काचेच्या पेटीत हाय. त्यात मनीप्लांट लावलाय." मग म्हणाले, "ह्या उंबऱ्याबाहेर गेलेला ड्रम परत येत न्हाई. काउंटर राहू द्या असंच."

"पण तुम्ही बाहेर कसे येणार?"

काउंटरच्या चार पायांमधून आधी एक टोपी आली, मग हात, मग चौऱ्याहत्तर वर्षांचा अख्खा माणूस रांगत आला. गुडघे झटकले. "असा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या सेलूला कळलं होतं, की कॉफीवाल्याच्या दारात बैलगाडी अडकलीय. बघायला माणसं आली. मालक आत शिरून भाजत होते. येणाऱ्याला ते आतून "पाणी कुठलं?" विचारत अन् काउंटरवरून पेला सरकवत. ज्यांनी जन्मात "ते दुसरं" सोडून काही प्यायलं नव्हतं, ते ओट्यावर उभे राहून पेले रिकामे करत होते. शंभरेक तरी असतील. बरं, चाळीस. त्या गर्दीत पुण्याची मोटार थांबली.

पुतण्या उतरला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याच्याबरोबर कंपनीची डिझायनर, एक तरुण बाई. तिनं गर्दी बघितली, काळं काउंटर बघितलं, पांढऱ्या भिंतीपुढं भट्टीचा लाल उजेड बघितला, अन् डोळे मोठे करून मला विचारलं, "याच्यामागं कल्पना काय आहे?"

देवानं मला नाक दिलं नाही, पण जीभ दिलीय. मी घसा साफ केला. "ओपन काउंटर. गिऱ्हाईक रस्त्यावर, भट्टी रंगमंचावर. दुकान अन् गाव यांच्यातला उंबरा आम्ही मुद्दाम पुसून टाकलाय. या तिरकेपणात एक..."

"खोटं बोलायलेत ते!" आतून आवाज आला. "अडकलंय!"

गर्दी हसली. मी मेलो. पुतण्यानं काउंटरला हात लावला, हलवून बघितलं. हललं नाही.

"काका, अडकलंय तर आत घ्या ना."

"ड्रम काढावा लागंल."

"मग काढा ड्रम."

मी दहा आठवडे ज्या शब्दाची धास्ती घेतली होती, तो शब्द त्या पोरानं सहज टाकला होता. मालक काउंटरच्या पलीकडून त्याच्याकडं बघत होते. घामानं टोपी काळी झालेली. हँडल काही थांबलं नाही.

"काढायचाय? ये मंग. आत ये अन् काढ. मी काढणार न्हाई."

पुतण्या लाजला असेल, भांडला असेल, पण चारचौघांत माघार घेणाऱ्या घरातला तो नव्हता. शेवटी रक्त तेच. त्यानं बाह्या सारल्या अन् पांढऱ्या शर्टानिशी, गुडघ्यावर, काउंटरखालून आत गेला.

"धर," मालक म्हणाले, अन् हँडल त्याच्या हातात दिलं. "निम्मा घाणा भाजून झालाय. थांबलास तर जळंल. भाजून झालं की काढ खुशाल, मी अडवत न्हाई."

अन् ते काउंटरखालून रांगत बाहेर आले, ओट्यावर माझ्या शेजारी बसले, एक पेला घेतला.

"काका, किती वेळ फिरवायचं?"

"हळू. एवढा घाईनं नको."

"काका, हात भाजला!"

"दुसरा हाय ना?"

"काका, तडतड सुरू झाली!"

"ती पहिली. दुसरी येऊ दे."

"दुसरी कशी ओळखायची?"

"तुझ्या पाकिटावर लिवलेलं असंल बघ."

धुरात पुतण्याचं डोकं वर-खाली होताना दिसत होतं. त्याला सोडता येत नव्हतं अन् ओरडताही येत नव्हतं. ती डिझायनर बाई फोटो काढत होती. मग एकदम आतून बारीक, लगबगीची अशी तडतड आली. मालक उठले. पण ते काही सांगायच्या आतच पुतण्यानं ड्रमची खिट्टी काढली, दाणे परातीत ओतले अन् दोन्ही हातांनी वारं घालायला लागला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मालक परत बसले.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाचा रंग आमच्या काउंटरसारखा झाला होता. त्यानं पाहणीचे कागद मागवले, मोटारीच्या टपावर ठेवून काहीतरी लिहिलं अन् मला वाचायला दिलं. लिहिलं होतं: 'दुकान नवीन. ड्रम दारातून बाहेर निघत नसल्यामुळे आहे तिथेच ठेवावा.'

"काका," तो म्हणाला, "निदान एक झडप करून घ्या काउंटरला. या वयात रांगता."

"बघू," मालक म्हणाले. झडप त्यांनी केली नाही.

मला मात्र एक गोष्ट कळेना, चार भागांचं काउंटर एकसंध झालंच कसं. पुढं मी मिस्त्रीच्या गावाकडून जात होतो, थांबलो. कोंबड्या उठून गेल्या होत्या. कुणीतरी त्याच्याकडं बैलगाडीच्या चाकांचं टेबल मागितलं होतं. मी त्याला विचारलं, "खरं सांग, नकाशा तुला कळलाच नव्हता?"

"कळला की. मालक दोनदा येऊन गेले. उलटा टांगलेला त्यांनीच सुलटा केला."

"अन् धाव चढवलीस तेव्हा?"

"तवा बी होते. पाणी तेच ओतायले होते."

मी हे मालकांपाशी कधी काढलं नाही. ज्यानं चार दिवस माझ्यासाठी डिंक प्यायला, त्याला काय विचारायचं?

परवा सेलूला गेलो होतो. काउंटर तसंच आहे, तिरपं. मालकही तसेच, फक्त रांगायला जरा जास्त वेळ घेतात. पुतण्या दर महिन्याला पुण्याहून पाहणीला येतो म्हणे, जुना शर्ट घालून, अन् पाहणी राहते बाजूला. तास-दोन तास ड्रमपाशीच असतो.

मी विचारलं, "आता जमतं का त्याला? कसं भाजतो?"

मालकांनी दोन दाणे चिमटीत घेतले, एक चावला, विचार केला.

"पाकिटात भरण्याइतपत," ते म्हणाले.